कानबाईच्या रोटाचं दळण

कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी कमलबाईच्या ओट्यावर जातं धुऊन मांडलं होतं, आणि दळणारी सून रत्ना पाळीची म्हणून कोपऱ्यात घोंगडीवर वेगळी बसली होती. मी शेजारीण, पीठ चाळायला गेलेली. आल्या पावली परत फिरावंसं वाटलं.

"आजच बठनी का तू!" कमलबाईचा उजवा हात प्लास्टरमध्ये, पण तोंड मोकळं. "रोटना गहू कोन दळी? मन्हा हात असा, घरमा दुसरी बाई नही!"

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ घरच्याच बाईनं जात्यावर दळायचं, हा त्या घरचा नेम. त्यात यंदाचा रोट नातू व्हावा म्हणून बोललेल्या नवसाचा. रत्नाला एकच मुलगी, आणि वय अडतीस. यंदा पाळणा हलला नाही तर मुलासाठी, समाधानसाठी, पारोळ्याची मुलगी बघेन, असं कमलबाईनं सुनेला तोंडावर सांगितलं होतं.

रत्ना उठून जात्याजवळ आली.

"शिवू नको!" कमलबाई ओरडली.

"माय, माले काही व्हयेल नही. मी खोटीच बठस." रत्ना म्हणाली. "मन्हं वरीसपासून बंद शे. तुम्हले समजाले नको म्हनीसन दर महिनाले बठस. कानबाई मधमा ई, हाई ध्यानमाच उनं नही."

चाळण माझ्या हातात तशीच राहिली. भिंतीला भिंत लावून राहते मी, आणि मला पत्ता नाही! माझाच मला राग आला.

"इतलं लवकर? कसाघाई?" कमलबाईनं विचारलं.

"धुळानी डॉक्टरीनबाईनी सांगं. मन्ही मायनंबी लवकरच बंद व्हयेल व्हतं. आनि मशेरी. तंबाखूघाईबी लवकर व्हस, म्हने."

कमलबाईचा हात कमरेच्या मशेरीच्या डबीवर गेला. नव्या नवरीला दातांना लावायला पहिली चिमूट तिनं त्याच डबीतली दिली होती. तेव्हा मीही तिथंच बसले होते.

तेवढ्यात समाधान दारात आला. "काय व्हयनं?"

रत्नानं डोळे मिटले. हिचा संसार आता मोडतो, असं मला वाटलं.

"काही नही," कमलबाई म्हणाली. "पारोळाले फोन करी दे. पोरगी दखानी नही."

"पन नवस?"

"नवस मन्हा व्हता. कानबाईनी माफीबी मीच मांगसू."

ती सुनेसमोर बसली, डाव्या हातानं जात्याचा खुंटा धरला, आणि कमरेची डबी माझ्या चाळणीत टाकली. "हाई उकिरडावर फेकी ये."

मी फेकली. मग घरी गेले आणि माझीही डबी फेकली.