शेवाळाचा रविवार

रविवारी सकाळी तिओफिलो दाताळं खांद्यावर टाकून निघाला, की एल्विराच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवरा दारू प्यायला जातो, कोंबड्यांच्या झुंजीला जातो, हे कुठल्याही बाईला समजू शकतं. पण स्वतःच्या परसातलं तळं शेवाळाने बुजलेलं असताना हा गृहस्थ कुंपणाच्या तारेपलीकडच्या विधवेच्या तळ्यातलं शेवाळ काढायला जातो, याला काय म्हणायचं?

तारेपलीकडची ती लुदिविया. गावाचे कपडे शिवायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या तळ्याचा तळ दिसायचा, आणि रुंद पाठीचे काचामा मासे त्यात ऐटीत फिरायचे. एल्विराचं पाणी म्हणजे वाटाण्याची आमटी. मासे खाली आहेत की नाहीत, देव जाणे. त्यात दोष तिचाच होता. मासे लठ्ठ व्हावेत म्हणून ती कोंबड्यांची विष्ठा टोपल्याटोपल्यांनी तळ्यात ओतायची. तिचे वडील तसंच करायचे. वडिलांच्या तळ्यातून ओढा वाहायचा, एवढंच ती सोयीस्करपणे विसरली होती.

त्या गल्लीत गुड फ्रायडेला घरोघरी आपापल्या तळ्यातला मासा रटरटायचा, केळी आणि युकाचे कंद घालून, आणि शेजारी एकेक ताट जायचं. गेल्या वर्षी तिओफिलोने घरच्या ताटातला एक घास खाल्ला, म्हणाला, "चिखलाचा वास येतोय," आणि लुदिवियाकडून आलेलं ताट चाटूनपुसून साफ केलं. वर म्हणाला, "याला म्हणतात मासा!" ते शब्द एल्विराच्या घशात काट्यासारखे अडकले होते. तसं पाहिलं तर माशाचं तिला काही पडलं नव्हतं. तिला आपला नवरा आपल्या तळ्याकाठी हवा होता.

यंदा पवित्र आठवडा तोंडावर आला, तेव्हा तिने कोकोच्या झाडांवर फवारायला आणलेला मोरचूद काढला. शेवाळ मारायला चिमूटभर टाकावा असं लोक म्हणत. चिमटीने काम करणारी बाई एल्विरा नव्हतीच, तिने अख्खी पिशवी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी शेवाळ करपून तळाशी बसलं आणि पाण्यात आभाळ दिसायला लागलं. ती हरखून गेली. उद्या झावळ्यांचा रविवार, पवित्र आठवड्याचा पहिला दिवस. मिरवणुकीत मूर्ती खांद्यावर घ्यायला तिओफिलो पहाटेच जाईल, आणि परत आल्यावर हे पाणी पाहून दाताळं कुठे घेऊन जातो, तेच ती बघणार होती.

पण सकाळी ती तळ्यावर आली, तर सगळे मासे वर आलेले. तोंडं पाण्याबाहेर, आ वासून. दोन तर उताणे पडले होते. तिने परातीने पाणी बडवायला सुरुवात केली. त्या आवाजाने लुदिविया तारेखालून सरपटतच आली.

"शेजारीणबाई, मोरचूद टाकलात? सगळा एकदम?"

"माझं तळं आहे. मी काहीही टाकीन."

"टाका हो, पण मेलेलं शेवाळ कुजून पाण्यातली हवा खातं. मासे गुदमरतायत. बादल्या आणा, माझ्या तळ्यात सोडू."

मेले तरी चालतील पण तुझ्या तळ्यात नकोत, हे एल्विराच्या अगदी जिभेवर आलं होतं. मग एक काचामा तिच्या पायापाशी येऊन तोंड उघडू लागला, आणि तिने मुकाट्याने बादली बुडवली.

दोघींनी खेपा घातल्या. लुदिवियाच्या काठावर शेवाळाचे चार तंतू तरंगत होते. बोलता बोलता तिने काठी घातली, रिळावर दोरा गुंडाळावा तसे ते गुंडाळले आणि बाहेर फेकले. एल्विरा बघतच राहिली.

"हे तुम्ही काढता?"

"मग कोण काढणार?"

"रविवारी तो येतो ना. दाताळं घेऊन."

लुदिविया हसली. "येतात खरे! दाताळं आंब्याला टेकवतात आणि त्या खुर्चीत बसतात. दोन वेळा ओढलं असेल शेवाळ, तेही माझ्यावर उडवलं."

"बसून करतो काय?"

"बोलतात. बापरे, काय बोलतात! लहानपणी नदीत वाहून चालले होते, होडीवाल्या बाईने केसाला धरून काढलं, मग तिच्याच घरी राहायचं म्हणून रडले. किती हसवतात हो! तुम्हाला तर पाठच असेल."

"पाठ आहे," एल्विरा म्हणाली.

तिने ती गोष्ट जन्मात ऐकली नव्हती. तिचा नवरा घरी दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले निम्मे मिठाबद्दल असायचे. त्याचा हात लुदिवियाच्या हातात सापडला असता, तर एल्विराने दाताळं त्याच्या पाठीत घातलं असतं आणि विषय संपला असता. पण एक अख्खा बोलका माणूस ही बाई दर रविवारी फुकट ऐकत होती, आणि एल्विराच्या वाट्याला त्याचे मळके सदरे. बादली तिथेच टाकून ती घरी आली.

तिओफिलो हातात झावळी घेऊन परतला, तेव्हा मोकळ्या, घाण वासाच्या तळ्याकाठी स्वयंपाकघरातली खुर्ची मांडलेली होती.

"मासे कुठे गेले?"

"आहेत जिवंत. तू बस. नदीत कसा वाहून गेलास ते सांग."

तो चपापला. त्याने तारेपलीकडे बघून घेतलं, मग बसला.

"इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"लग्नानंतर सांगायला लागलो होतो. तू म्हणालीस, आधी कोंबड्या कोंडून ये." त्याच्या आवाजात राग नव्हता. "कोंडून आलो, तर तू झोपली होतीस."

"आज झोपत नाही. सांग."

तो सांगू लागला. अडखळत, टोपी हातात फिरवत. नदीला पाणी होतं, पाय घसरला, एक बाई होती होडीत, तिने वाचवलं. झालं. तो तिच्याकडे बघत राहिला, धडा म्हणून दाखवलेल्या पोरासारखा.

"केसाला धरलं ते राहिलं," एल्विरा म्हणाली.

"हो की," तो म्हणाला. "ते राहिलंच."