आतून बंद होणारं दार

मी दरवाजा बोलतोय. घराचा मुख्य दरवाजा नव्हे हं, त्याचा तोराच वेगळा. त्याला बेल, त्याला नावाची पाटी, त्याला बाहेरचं बघायचं भिंग. मी मागच्या खोलीचा. "टाक त्या खोलीत" असं जिच्याबद्दल म्हणतात ना, त्या खोलीचा. आजवर मला कुणी काही विचारलं नाही, तेव्हा आज मीच बोलतो. आणि मध्ये कुणी बोलू नका, माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. लाकूड चांगलं होतं, पण सुताराला घाई होती. त्याने मला बिजागऱ्या ठोकल्या आणि आत उघडेन अशा बेताने चौकटीत बसवलं. आतच का? तर सगळी दारं आत उघडतात म्हणून. बस, एवढाच विचार. पुढे या आत उघडण्याने एका माणसाचा जीव किती मेटाकुटीला आला, ते सांगायलाच तर बसलोय.

खोली सुरुवातीला रिकामी होती. मग व्यायामाची सायकल आली. तिच्यावर घराचा मालक दोनदा बसला आणि दोन्ही वेळा फोटो काढून घेतला. मग बंद पडलेला पंखा आला, "दुरुस्त करून घेऊ" म्हणून. मग रंगाचे अर्धे डबे, मोठ्या बॅगेत मधली बॅग, मधलीत छोटी. टीव्हीचं खोकं आलं, गॅरंटी आहे तोवर असू दे म्हणून. पुढे टीव्ही बिघडला, भंगारात गेला, खोकं मात्र जागचं हललं नाही. शेवटी मालकाची बायको मला कंबरेने ढकलून ढकलून बंद करायची. रंगवायला माणूस आला तर त्याने माझ्या बिजागऱ्यांवरूनही कुंचला फिरवला. आणि वर हेच लोक म्हणायचे, "हे दार फार कुरकुरतं बाई!" कुरकुरू नको तर काय करू?

मग आत्या आली. मालकाची ही धाकटी बहीण. घरातली पोरं तिला आत्या म्हणतात म्हणून मीही म्हणतो. मालकाला ती दादा म्हणते, म्हणून तो आपला दादा, आणि त्याची बायको वहिनी. आत्या शाळेत गणित शिकवायची, स्वतःच्या घरात एकटी आणि मजेत राहायची. जिन्यावरून पडली, पाठीच्या कण्याला मार बसला आणि कंबरेखालची जाणीव गेली ती गेलीच. हॉस्पिटलातून दादाने तिला चाकांच्या खुर्चीसकट थेट इथे आणलं. "माझी बहीण माझ्याकडेच राहणार," म्हणाला. माणूस जिवाला जीव देणारा आहे, यात वाद नाही. पण काही माणसं माया करताना समोरच्याला विचारत नाहीत, करून मोकळी होतात, आणि निस्तरायला आम्ही असतोच.

आत्याचा पलंग हॉलमध्ये खिडकीशी लावला. पॅसेजच्या टोकाला उभा असल्यामुळे मला सगळं दिसायचं. भेटायला आलेली माणसं वहिनीला विचारायची, "जेवते का नीट?" आणि आत्या तिथेच, हातभर अंतरावर! अहो, तिचे पाय गेलेत, तोंड नाही गेलं! तिने फोनवरून मुलांना गणित शिकवायला सुरुवात केली. समोर पडद्यावर मुलं, आणि आत्याच्या मागून दादा चाललाय, कंबरेला टॉवेल, तोंडात ब्रश. मुलं फिदीफिदी हसायची.

"मुलांनो, मागे बघू नका, त्रिकोणाकडे बघा," आत्या म्हणायची. हसत म्हणायची, पण नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसायची.

एक दिवस ती म्हणाली, "दादा, ती मागची खोली मला दे."

"अगं चिमे, तिथे सगळी अडगळ आहे."

"असू दे. दार तर आहे ना तिला? मला बंद करता येईल असं एक दार हवंय रे."

मला हवंय असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, पार बिजागऱ्यांपर्यंत सुखावलो.

पण दादाने ऐकलं काय? खोली हवी, एवढंच. दाराचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं. लगेच सुतार आला, गवंडी आला, घर डोक्यावर घेतलं गेलं. आत्या चार गोष्टी सांगायला खुर्ची फिरवत पॅसेजमध्ये आली की दादा तिला परत वळवायचा. "तू आराम कर. तयार झाली की थेट बघ. थाटच करतो!" आणि एका दुपारी ती झोपली असताना त्याने हळूच तिची खुर्ची पळवली, पॅसेजमध्ये आणली आणि सुताराने टेप लावून मोजली. रिकामी खुर्ची! मी ओरडायचंच बाकी ठेवलं होतं. अरे, ती खुर्ची रिकामी चालते का? बसणारीला मोजा!

त्या मापाने चौकट रुंद केली, वर बोटभर जागा "ढिलाईला" सोडली. मी आता अपुरा पडू लागलो, म्हणून माझ्या अंगाला लाकडाची एक पट्टी जोडली, तीही वेगळ्या रंगाची. "कुणाला कळणार आहे?" सुतार म्हणाला. मला कळतंय ना! भिंतीवर दिव्यांची बटणं लावली ती वहिनीच्या खांद्याच्या उंचीवर. कपाट केलं ते थेट छताला भिडलेलं. रंग मात्र छान दिला, अगदी आत्याच्या आवडीचा. म्हणजे विचारायची बुद्धी होत होती, फक्त भलत्या ठिकाणी.

सगळं तयार झालं. दादाने मागून येऊन आत्याचे डोळे झाकले.

"डोळे झाकलेस तर खुर्ची कोण चालवणार?" ती म्हणाली. तेव्हा कुठे हात काढले.

ती उत्साहाने चाकं फिरवत आली आणि चौकटीत शिरताना तिच्या दोन्ही हातांची बोटं लाकडावर खरवडली गेली. खुर्ची आरामात मावली हो, तिची चाकं फिरवणारे हातच मावले नाहीत. बोटांच्या पेरांवर रक्त आलं. आत्याने ती बोटं दादासमोर धरली.

"दादा, खुर्ची मोजलीस. माझे हात कुठे गेले?"

दादाचा चेहरा पडला. पण खरी परीक्षा पुढेच होती. तिने मला बंद करायला घेतलं. मी आत उघडणारा, आणि माझ्या फिरण्याच्या जागेतच तिची खुर्ची. पुढे सरकली तर पलंग, मागे आली तर मी. माझी मूठ तिच्या पाठीमागे राहायची. तिने खुर्ची कशीबशी आडवी वळवून मला ओढलं, आणि मी तिच्या पावलावर जाऊन आदळलो. चांगलाच लागलो. पण तिला कळलंच नाही. ती ओढत राहिली, मी लागत राहिलो. शेवटी वहिनीने अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं पाहिलं आणि किंचाळली. दरवाजाच्या जन्मात मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

आता इथे तरी बसून विचार करावा की नाही? छे! दादाने उपाय काढला, "दारच काढून टाकू. कटकटच नको. छानसा पडदा लावतो."

"मला दार हवं होतं," आत्या म्हणाली.

"अगं, तुझ्या पायाला लागतंय ते. आणि घरात सगळी आपलीच तर माणसं आहेत."

झालं. मला बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं; नशीब, तिथून पॅसेज आणि खोली तरी दिसायची. पहिल्याच दिवशी माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडले. माझ्या जागी फुलाफुलांचा पडदा लागला. तो पडदा आत्याच्या चाकात गुंडाळला जायचा आणि ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकून बसायची. "वहिनी, जरा सोडवता का?" दिवसातून कितीदा म्हणावं माणसाने? वहिनीच्याही नाकी नऊ आले. पण पडद्याला कुणी कुरकुरतो म्हटलं नाही बरं का.

आणि मग ते घडलं. आत्या आत कपडे बदलत होती. तिला त्याला वेळ लागतो, पडून, कुशीवर होऊन, एकेक बाही. दादाने नेहमीप्रमाणे पडदा बाजूला केला, "चिमे, चहा घेतेस का गं?"

आत्या ओरडली. इतकी ओरडली की गॅलरीत मी थरथरलो. वहिनी धावत आली, दादा तोंड फिरवून पॅसेजमध्ये उभा. थोड्या वेळाने आत्या खुर्चीत बसून बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद.

"मला पडदा नको. खोलीही नको. मला परत माझ्या घरी सोड."

"अगं, मी मुद्दाम केलं का?" दादा कळवळून म्हणाला. "चुकलो मी. पण दार बंद करून तू आत पडलीस बिडलीस तर? आम्हाला कळणार कसं? तुला काय सांगू, मी रात्री उठून तुझा श्वास चालू आहे ना ते बघून येतो. त्याशिवाय मला झोप लागत नाही."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"मी जागीच असते. तू येऊन जाईपर्यंत झोपल्याचं सोंग घेते. तुला वाईट वाटू नये म्हणून. रोज, दादा."

दादा मटकन खाली बसला, तिथेच पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाला टेकून. वहिनीने पदराने डोळे पुसले. मग दादा अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग कसं करायचं, तूच सांग."

इतके दिवस, एवढा खर्च, एवढी धूळ, माझ्या अंगाला ती भिकार पट्टी, आणि त्यानंतर हे वाक्य! आधी म्हटलं असतं तर तोंड दुखलं असतं का?

आत्याने सांगितलं. सुतार आणि गवंडी यांना बोलावणं गेलं. सुतार "उद्या नक्की" म्हणत म्हणत एकदाचा उगवला. आत्या खुर्चीत बसली, कोपर बाहेर, हात चाकांवर, आणि म्हणाली, "आता मोजा. मला मोजा." मग ती खोलीच्या मधोमध गेली आणि जागच्या जागी पूर्ण गोल फिरली. जिथवर तिचे पाय पोचले तिथवर वहिनीने खडूने जमिनीवर रेघ ओढली. पलंगाचा कोपरा त्या रेघेच्या आत येत होता, तो सरकवला. बटणं खाली आली. चौकट पुन्हा फोडली, गवंडी स्वतःशीच पुटपुटत होता, पुटपुटू दे.

"आणि दार?" सुताराने विचारलं. "बाहेर उघडतं करू?"

"पॅसेज अडेल. रुळावर लावा, भिंतीला समांतर सरकेल असं. मूठ लांब हवी, माझ्या हाताशी येईल अशी."

"अहो ताई, पण तिथे चपलांचं कपाट आहे," वहिनी पटकन बोलली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "बरं बरं, हलवते. त्यात काय एवढं?" पण दोन दिवस तोंड फुगलेलंच होतं.

नवं दार आणायचं दादाच्या मनात होतं. आत्या म्हणाली, "तेच लावा. बरं आहे की." अंगावरचे टॉवेल झटकून मला आत आणलं. बिजागऱ्या गेल्या, कुरकुर गेली, जुन्या पट्टीच्या जागी आणखी रुंद पट्टी आली, तीही वेगळ्याच रंगाची, आणि वर रूळ आला. कडीवरून मात्र बहीणभावांची चांगलीच जुंपली. शेवटी असं ठरलं की कडी आतून, पण वेळ पडली तर बाहेरून उघडता येईल अशी. आणि वेळ पडली म्हणजे हाक मारूनही उत्तर आलं नाही तरच. दादाला ते आत्याने तीनदा म्हणायला लावलं, वर्गातल्या मुलासारखं.

संध्याकाळी आत्या आत आली. हातांना कुठे काही लागलं नाही. तिने माझी मूठ धरली आणि एका हाताने ओढलं. मी सरकलो. काय सांगू, मी असा कधी सरकलोच नव्हतो आयुष्यात! टोकाला पोचलो, तिने कडी लावली. मग उघडली. पुन्हा लावली. उगीच. आणि हसली.

बाहेर दादा उभा होता. सवयीने मला ढकलायला हात उचलला, तो तसाच थांबला. मग त्याने दोन बोटांनी टकटक केलं. माझ्यावर या घरात झालेली ही पहिली टकटक.

"कोण?"

"मी. दादा."

"काय हवंय?"

"काही नाही गं. सहज."

"मग नंतर ये. शिकवतेय."

दादा गेला. जाता जाता पॅसेजमध्ये एकटाच हसत होता, वेडा.

आता मी म्हातारा झालोय, अंगावर वेगळ्या रंगाची पट्टी आहे, सुताराला त्याबद्दल मी कधीच माफ करणार नाही. आत काय चालतं ते मला विचारू नका, सांगणार नाही, तेवढंच तर माझं काम आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे की कुणासाठी काही करायला निघालात तर आधी त्याला विचारा. आणि माझ्यावर टॉवेल टाकू नका.

अजून एक राहिलं. त्या पहिल्या रात्री दादा आला होता. माझ्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, कान लावला नाही, कडीला हात घातला नाही, आणि परत गेला. आत आत्या गाढ झोपली होती. त्या दिवशी सोंग नव्हतं.