वस्त्रं नेसलेले मासे

खारकोंड्याच्या देवीच्या तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मुरुडहून, दिघीहून टेम्पो भरभरून माणसं येत होती. तळ्यातल्या माशांच्या अंगावर कापसासारखे पांढरे झुबके फुलले होते आणि पोटावर लाल टिळे उमटले होते.

"देवीनं वस्त्रं नेसवली, कुंकू लावलं!" शिवदासबुवा पायरीवरून गरजत होता. "तीर्थ घरी न्या, तीळ चुरडून टाका. तिळाला वस्त्र आलं की समजा, देवी घरात आली! शेततळ्यात ओता, मासे हातभर वाढतील!"

आणि तिळाला वस्त्र येत होतं, हे खरं. गावच्या शाळेत शिकवणाऱ्या कोकिळाने ते सासूच्या तांब्यात पाहिलं होतं. सासू सखुबाई हरखून गेली होती. नवऱ्यामागे भातखाचरात तळं खणून रोहू-कटला तिनेच पोसले होते. मुलगा जीवन, म्हणजे कोकिळाचा नवरा, मालाचा ट्रेलर घेऊन कायम बाहेर. कोकिळा नको नको म्हणत असताना म्हातारीने कळशीभर तीर्थ तळ्यात ओतलं.

थंडी वाढली आणि तळ्यातले मासे कडेला येऊन सुस्त तरंगू लागले. लाल टिळ्यांच्या खोल जखमा झाल्या. रोज सकाळी पांढरी पोटं वर.

"बुवा म्हनतो, घरात कुनाचा तरी विश्वास न्हाय," सखुबाई डोळे पुसत म्हणाली.

रोख कोकिळावर होता. शेजारणींनी बोलणं टाकलं. आपल्यामुळेच तर नाही ना, अशी शंकेची पाल तिच्याही मनात चुकचुकली.

मग तांब्यात एक घरमाशी पडून मेली. चार दिवसांनी कोकिळा तांब्या घासायला गेली आणि थबकली. माशीलाही वस्त्र आलं होतं! तसंच मऊ, पांढरंशुभ्र.

तिने मत्स्यविज्ञान शिकलेल्या मैत्रिणीला, हेमालीला फोन लावला. हेमालीने सांगितलं तसं तिने बरण्यांत वेगवेगळं पाणी भरून प्रत्येकीत मेलेली माशी टाकली. आठवड्याने त्या बरण्या घेऊन ती तळ्यावर गेली.

"ही तीर्थातली माशी, हिला वस्त्र. ही रस्त्याकडेच्या डबक्यातली, हिलाही वस्त्र."

बुवा हसला. "देवीला भेदभाव न्हाय, मास्तरीणबाई! तिला माशीबी लेकरासारखी!"

"मग उकळून गार केलेल्या तीर्थातली माशी उघडी का? मीठ घातलेल्या तीर्थातली उघडी का? उकळलं की देवी जाते? मिठाला घाबरते?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"हा पाण्यातला बुरशीसारखा जीव आहे," कोकिळा म्हणाली. "डोळ्यांना न दिसणारी त्याची बीजं शेपटी हलवत पोहतात. गार, गोड्या पाण्यात मेलेलं किंवा जखमी काही सापडलं की त्यावर रुजतात. कापूस दिसतो तो याचाच. याचाच एक भाऊबंद जिवंत माशाचं मांस पोखरतो, ते तुमचं कुंकू. तुम्ही कळशीतून रोग घरी नेलात." मग ती बुवाकडे वळली. "इथले मेलेले मासे रोज कुठं जातात?"

बुवा आपल्या झोपडीकडे सरकला. हितेश नावाच्या कोळ्याला वाऱ्यावर वास आला होता. त्याने बुवाच्या झोपडीमागची ताडपत्री ओढली. खाली सडक्या माशांनी भरलेली पोती होती. रोज पहाटे मेलेले मासे गुपचूप उचलले जात होते.

लोक बुवावर धावले. कोकिळानेच त्यांना आवरून पोलिसांना बोलावलं.

पण तोवर गावातली बहुतेक तळी नासली होती. सखुबाईचे उरलेसुरले मासेही मेले; तिने ते चुना टाकून पुरले. "माज्याच हातानं वतलं गो," ती म्हणाली. कोकिळा सासूशेजारी चिखलात बसून राहिली.

सखुबाईची भक्ती खोटी नव्हती. खोटा होता तो बुवा. श्रद्धेने भरलेल्या कळशीतूनही रोग पसरतो. म्हणून कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा: हे कशानं झालं? आणि पारखल्याशिवाय ते आपल्या तळ्यात ओतू नका.