अक्काला कळवायचा आकडा

मावशींनी सात नंबरची बशी उजेडासमोर धरली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पुन्हा पाहिलं. बशीत एकही ठिपका नव्हता.

"काय झालं, मावशी?" दारातून संशोधक मुलीने विचारलं.

"तू आधी बाहेर हो बघू. मोजणारीच्या डोक्याशी उभं राहायचं नाही, हा नियम काही मी नाही केला, तुझ्या सरांनी केलाय."

मुलगी बाहेर गेली आणि दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

या प्रयोगशाळेत मावशींनी सव्वीस वर्षं कॅन्सरच्या पेशींना खाऊपिऊ घातलं होतं. घरच्या कुंड्या वाळून गेल्या, पण इथल्या पेशी एक दिवस उपाशी राहिल्या नाहीत. बशांतल्या पेशींना किरणं दिली की बशा दोन आठवडे उबेच्या कपाटात ठेवायच्या. जी पेशी तगते ती वाढून आपली वसाहत करते. मग जांभळा रंग घालायचा, हलक्या हाताने धुवायचं आणि ठिपके मोजायचे. पन्नासहून कमी पेशींचा पुंजका मोजायचा नाही. कुठली बशी कशाची, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसायचं; ती यादी सरांकडे बंद पाकिटात.

या बारा बशांत मुलीचा जीव अडकला होता. या पेशी एक प्रथिन भरमसाट बनवतात. त्याच्या जोरावर त्या भराभर वाढतात आणि किरणांनी केलेली मोडतोड दुरुस्त करून पुन्हा उभ्या राहतात. मुलीने निम्म्या बशांत ते प्रथिन जवळजवळ बंद पाडलं होतं, आणि दोन्ही प्रकारांतल्या निम्म्याच बशांना किरणं दिली होती. आधीचे दोन प्रयोग बुरशीने खाल्ले होते. हा तिसरा होता आणि शुक्रवारी मावशी निवृत्त होणार होत्या.

मावशींचाही जीव त्यात होता, पण ते त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, तीस वेळा किरणांच्या यंत्राखाली निजली होती आणि तिची गाठ जागची हलली नव्हती. संध्याकाळी ती फोनवर विचारायची, "आज किती मोजलेस गं?"

"एका बशीत एकशे चाळीस."

"अगं बाई! शून्य येईल तेव्हा कळव हो मला." आणि खोकला येईपर्यंत हसायची. शून्य काही आलं नाही आणि कळवायचं राहूनच गेलं. अक्का जाऊन चार वर्षं झाली होती.

आज शून्य समोर होतं, पण ते लिहायला मावशींनी पेन उचललं नाही. काल बशा धुताना नळाची धार क्षणभर या सातव्या बशीवर थेट पडली होती. नळ बशीवर सोडू नका, म्हणून सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडणाऱ्या बाईच्या हातून! कुणी पाहिलं नव्हतं. गुपचूप शून्य लिहिलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

त्यांनी दार उघडलं. "ये आत. काल या बशीवर माझ्या हातून धार पडली. ठिपके वाहून गेले असतील. हे शून्य मी तुला देऊ शकत नाही."

मुलीचा चेहरा उतरला. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच, आणि नेमकं तुझ्याच वेळी. बोल मला चार शब्द, माझं काही म्हणणं नाही."

"बोलते नंतर. आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा ना! वाहून गेल्या असतील तर बशी कोरी दिसेल."

मावशी वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. बशी कोरी नव्हती. एकेकट्या, फुगलेल्या, पसरट पेशी जागोजागी चिकटून बसल्या होत्या.

"अगं, या कुठ्ठं गेल्या नाहीत! सगळ्या ठाण मांडून बसल्यात! नुसत्या बसल्यात, वंश काही वाढला नाही एकीचा!"

उरलेल्या बशा त्यांनी मुलीला पुन्हा बाहेर काढूनच मोजल्या. मग सरांनी पाकीट फोडलं. दोन, सात आणि अकरा या प्रथिन बंद करून किरणं दिलेल्या बशा होत्या. दोन नंबरात एक ठिपका, अकरात दोन. प्रथिन शाबूत होतं तिथे तेवढ्याच किरणांनंतर नव्वदच्या वर ठिपके होते. मुलीने मावशींना अशी मिठी मारली की चष्मा टेबलाखाली गेला.

"हे अजून दोनदा करून बघावं लागेल," सर म्हणाले. पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं. "बशीतून माणसापर्यंत पोचायला तर वर्षं लागतील."

"लागू देत. पण मोजायला माझ्यासारखीच खडूस बाई शोधा."

दोघं बाहेर गेल्यावर मावशींनी वही ओढली. सात नंबरपुढे धार पडल्याचं आधी नोंदवलं, मग छान गरगरीत शून्य काढलं.

"अक्का, आलं गं शून्य," त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि खोकला येईपर्यंत हसल्या.