रिकामी फेरी आणि तिसरा ठोका

मी बोलतोय. कोण, ते सांगतोच, पण आधी एक कबूल करून टाकतो. मला माणसं कळत नाहीत. वीस वर्षं त्यांना पोटात घेऊन हिंडलो, तरी नाही. मी एक विमान. शे-दोनशे लोकांना दाटीवाटीने बसवतात तसलं मोठं नव्हे. आठ खुर्च्यांचा, दोन इंजिनांचा, भाड्याने मिळणारा छोटासा जीव मी.

माझा जन्म एका भल्यामोठ्या शेडमध्ये झाला. एकीकडून पंख आले, दुसरीकडून शेपूट आलं, खुर्च्या कुठल्या तरी तिसऱ्याच गावाहून आल्या. या सगळ्याच्या मधे मी नेमका कधी 'मी' झालो, हे मला कुणी सांगितलंच नाही. एका माणसाने पोटावर हात फिरवला, 'झालं बरं का' म्हणाला आणि डबा खायला निघून गेला. गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली म्हणायची.

पहिला मालक कारखानदार होता. त्याच्या बायकोने खुर्च्यांच्या कातड्याचा रंग निवडायला तीन दिवस घेतले. आणि हा गडी बसल्या बसल्या डोळे मिटून घोरायचा, रंग बघतोय कोण. पुढे त्याचे दिवस फिरले आणि मी एका भाड्याच्या कंपनीकडे आलो. तेव्हापासून ज्याला घाई, त्याचा मी. दोन मोठी शहरं आणि मधलं दीड तासाचं आकाश, एवढाच माझा संसार.

लोक घाईत यायचे, शिडी चढायचे आणि आत आले की घाई विसरून मोजे काढून बसायचे. छोट्या विमानात चढण्याआधी वजन विचारतात. भलेभले तिथे खोटं बोलतात. अहो, उचलतो मी, मला नाही का कळणार?

पण सगळ्यात मोठं कोडं रिकाम्या फेरीचं. पहिल्या शहरातून कुणाला तरी दुसऱ्या शहरात सोडायचं, आणि येताना आठही खुर्च्या मोकळ्या. एवढं इंधन जाळून हवा कशाला न्यायची? बुकिंगच्या ताई ती परतीची फेरी कमी भाड्यात देऊन टाकायच्या. 'नाहीतरी रिकामंच जायचंय' हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या रिकाम्या फेरीचीच ही गोष्ट.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एकच माणूस चढला. चाळिशीचा, दाढी न केलेला, हातात साधी पिशवी. तीन नंबरच्या खुर्चीत बसला. विमान आकाशात स्थिर झालं आणि त्याने समोरच्या लाकडी टेबलावर बोटांच्या पेरांनी वाजवलं. टक. टक. मग हात तसाच हवेत. आता तिसऱ्यांदा वाजवेल म्हणून मी वाट बघतोय, तर हात खाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दोनदा वाजवायचं, थांबायचं. डाव्या हाताने.

माझ्यात दोन वैमानिक असतात. एक थोरले कॅप्टन, पिकल्या मिशांचे. दुसरी धाकटी कॅप्टन, तिलाच चहापाणीही बघावं लागतं. टकटक ऐकून ती मागे आली.

"बोलावलंत का?"

"नाही हो, सवय आहे वाईट." मग बहुतेक गप्प बसवेना म्हणून म्हणाला, "उद्या सकाळी बाबांचं ऑपरेशन आहे. घशाचं. स्वरयंत्रच काढणार आहेत. मला काल संध्याकाळी आत्याने सांगितलं."

"भेटायला चाललात, बरं वाटेल त्यांना."

"आठ वर्षं बोललो नाही आम्ही. उद्यापासून त्यांना आवाजच नसणार. शिव्या दिल्या तरी चालतील, पण आजच ऐकून घ्यायच्यात."

"कळवलंय ना येताय म्हणून?"

"छे. कळवलं तर नको म्हणतील. आमच्या घरात कळवून कुणी काही करत नाही."

मग त्याने सगळंच सांगितलं. वडील लिलाव पुकारणारे. जुनं सामान, यंत्रं, बंद पडलेल्या दुकानांतली कपाटं, सगळं त्यांच्या तोंडून विकलं जायचं. 'एकवार, दोनवार, तीनवार' म्हणत टेबलावर तीन ठोके मारायचे. तिसरा पडला की वस्तू शेवटची बोली लावणाऱ्याची. आई गेली आणि चौथ्या महिन्यात त्यांनी तिचं शिवणयंत्र लिलावात काढलं. घरात उपयोग नाही ते सामान लिलावाच्या हॉलमध्ये, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. मुलगा मागच्या रांगेत बसला होता. त्याने बोली लावली. वडील वरून म्हणाले, पुकारणाऱ्याच्या घरातल्यांना बोली लावता येत नाही. धंद्याचा नियम आहे.

"मी म्हणालो, मी घरातला आहे ना? मग यंत्र विकताना विचारलं का? तर भर हॉलमध्ये, माइकवर म्हणाले, 'नाहीस घरातला. आजपासून नाहीस. आता लाव बोली.'"

धाकटी समोरच्या खुर्चीत टेकली.

"दोन ठोके पडले, तेवढ्यात मी उठून बाहेर आलो. तिसरा ऐकलाच नाही. तेव्हापासून हात हे असलं करतो."

साडेअकराला मी दुसऱ्या शहरात उतरलो. तो टॅक्सीत बसला आणि गेला. मला वाटलं, झालं, आता रिकामी फेरी.

पण बुकिंगच्या ताईंनी फेरी विकली होती. साडेबाराला एक म्हातारे गृहस्थ शिडी चढले. गळ्याला मफलर, हातात छोटी वही. तोंडाने एक शब्द नाही. धाकटीने चहा विचारला तर वहीत लिहून दाखवलं, 'नको.' आणि आठ खुर्च्यांतून नेमके तीन नंबरच्या खुर्चीत जाऊन बसले.

आता माझी अवस्था काय झाली असेल बघा. तेच नाक. तेच एका बाजूला कललेले खांदे. तशीच साधी पिशवी मांडीवर. मला वाटलं, सकाळचाच माणूस परत आला. पण तासाभरात एवढा म्हातारा कसा झाला? या शहराची हवा वाईट असेल, पण इतकी? मी उडालो, तरी माझं चित्त सगळं त्या खुर्चीकडे.

आकाशात स्थिर झालो आणि मागून आवाज आला. टक. टक.

तिसरा नाही.

मी तर हबकलोच. पुढच्या दोघांनीही ऐकलं असावं, कारण धाकटी एकदम म्हणाली, "कॅप्टन, सकाळच्या पाहुण्यांचे हे वडील आहेत. मुलगा यांच्याकडे गेलाय आणि हे मुलाकडे चाललेत."

"असतील. पण आपल्या धंद्यात कोण कुठे गेलं ते बोलायचं नसतं," थोरले म्हणाले. "एका प्रवाशाचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही. पहिल्या दिवशी शिकवलंय तुला."

"नाव नाही सांगत."

ती मागे आली आणि म्हाताऱ्यांसमोर बसली. "काका, एक विचारू? तुमचा मुलगा डावखुरा आहे का हो?"

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मफलर थोडा खाली केला. आवाज कसला, वाळूवरून पत्रा ओढावा तसा. "तुला कसं ठाऊक?"

"मी काही सांगितलं नाही हं. फक्त विचारतेय. टेबलावर दोनदाच वाजवतो का?"

"दोनदा मी वाजवतो," ते म्हणाले. "तो कशाला वाजवेल?"

तिने फक्त त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात फिरवला, जणू ती अजून गरम आहे का ते बघत होते. मग एकेक शब्द जपून वापरत म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, दुपारी तीननंतर आवाज बसतो. रोजच बसतो. आजचे दोन-अडीच तास आहेत माझ्याकडे. एक वाक्य परत घ्यायचंय पोराकडून. चिठ्ठीत लिहून चालणार नाही, माइकवर बोललो होतो."

"कळवलं नाहीत त्याला?"

"कळवलं असतं तर नको म्हणाला असता."

आता मात्र मला रडावं की हसावं कळेना. एकाच टेबलावर, एकाच दिवशी, तेच वाक्य दोनदा. असली माणसं मी कधी पाहिली नव्हती. रस्त्यात त्यांच्या दोन टॅक्सी एकमेकींशेजारून गेल्या असतील आणि दोघंही सरळ समोर बघत बसले असतील.

म्हातारे उठले, एका हाताने छताचा आधार घेत पुढे गेले आणि थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वळवा," ते म्हणाले. "पोरगा माझ्याकडेच गेलाय."

थोरल्यांनी घड्याळ पाहिलं. "काका, वीस मिनिटं पुढे आलोय."

"विमान मी घेतलंय ना भाड्याने? मग वळवा."

थोरल्यांनी मिशीवरून हात फिरवला, खालच्या लोकांशी रेडिओवर काहीबाही बोलले, आणि मला वळवलं. ऊन या खिडकीतून त्या खिडकीत गेलं. ज्या गावी निघालो तिथे न पोचताच परत फिरण्याची माझी ही पहिलीच वेळ. आपलं काही चुकलं की काय, असंच मला उतरेपर्यंत वाटत होतं.

सव्वा वाजता मी जमिनीला टेकलो. आमच्या छोट्या इमारतीच्या काचेमागे सकाळचा माणूस उभा होता. घराला कुलूप होतं, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, 'अरे, ते तुझ्याकडेच गेले, विमानाने.' तो धावत परत आला तर बुकिंगच्या ताई म्हणाल्या, विमान तर उडालं. तेव्हापासून तो त्या काचेला नाक लावून होता म्हणे.

शिडी लागली. वरच्या पायरीवर वडील, खालच्या पायरीशी मुलगा.

"कळवायला काय झालं होतं?" मुलगा म्हणाला.

"तू कळवलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"आणि तू काय, हार घेऊन उभा राहिला असतास?"

पुढचं काही ऐकू येईना. शेजारी दुसरं विमान सुरू झालं होतं आणि वडिलांच्या आवाजात जोर नव्हता. त्यांचे ओठ हलत होते आणि मुलगा कानाशी हात नेऊन 'काय?' म्हणत होता. थोरले खाली आले. "आत बसा दोघं. दार लावून घेतो." मग माझी दोन्ही इंजिनं बंद केली, पंखेही बंद केले. मी सहसा असा पूर्ण गप्प होत नाही. कुठे तरी काही तरी घुंईघुंई चालूच असतं. त्या दिवशी मी श्वासही घेतला नाही.

"कुठे जायचंय आता?" धाकटीने हळूच विचारलं.

"कुठेच नाही," वडील म्हणाले. "इथेच."

एवढ्या भाड्याचं विमान घ्यायचं आणि जागच्या जागी बसायचं, हे मला कधी उलगडणार नव्हतं. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले. वडील वहीचं पान मुडपत राहिले. मला काळजी, घड्याळ चालू आहे.

"यंत्र घरीच आहे," वडील शेवटी म्हणाले.

"म्हणजे? विकलं नाहीत?"

"तू उठून गेलास. मी तिसरा ठोका मारलाच नाही. लोक खोळंबले. मी यंत्र उचलून घरी आणलं." ते खोकले. मुलाने पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी बाजूला सारला. "तुझ्या आईचा पाय त्या यंत्रावर चालायचा तो आवाज ती गेल्यावरही मला घरात ऐकू यायचा, सहन होईना. म्हणून काढलं होतं. हे तेव्हा सांगायचं होतं. सांगितलं भलतंच."

मुलाने मान खाली घातली.

"वर बघ," ते म्हणाले. आणि त्या फाटक्या आवाजात, पण हॉलमधल्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा बेताने, म्हणाले, "तू घरातला आहेस. एकवार."

टेबलावर ठोका पडला.

"तू घरातला आहेस. दोनवार."

दुसरा पडला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. नुसती हवा. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. हात वर तसाच, ओठ हलतायत, आणि काही नाही. अजून पावणेदोनच वाजले होते. डॉक्टरांचं गणित चुकलं होतं.

मुलाने डावी मूठ उचलली. "तीनवार," तो म्हणाला, आणि ठोका मारला. इतक्या जोरात की टेबलाच्या पॉलिशवर खळगा पडला. मग दोघंही रडले. पडद्याआड धाकटीही रडली आणि थोरले मुकाट्याने मिशा पुसत राहिले.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कंपनी बंद पडली. मी एका शेडच्या कोपऱ्यात उभा आहे, टायर बसलेत, आणि परवा कुणीतरी माझ्या नाकाशी आकडा लिहिलेला कागद चिकटवून गेलं. माझाही लिलाव आहे म्हणे, येत्या सोमवारी.

तेव्हापासून मी विचारात पडलोय. त्या हॉलमध्ये तिसरा ठोका पडला की वस्तू घरातून जायची. माझ्या पोटात तिसरा ठोका पडला आणि मुलगा घरी आला. मग सोमवारी माझ्यासाठी पडेल तो कुठला? कुणाला माहीत असेल तर सांगा बुवा, मला तर कळत नाही.

जो कोणी मला घेईल त्याला एवढंच सांगणं आहे. खुर्च्या बदला, पडदे बदला, रंगही हवा तो द्या. तीन नंबरच्या खुर्चीपुढचं टेबल तेवढं राहू द्या. त्यावर एक खळगा आहे. तो खराबी म्हणून भरून टाकू नका.