तीन नंबरचा पिंजरा

"तीन," असं म्हणून कारकुनाने पत्र्याची चकती थोरलीच्या तळहातावर ठेवली.

"एवढा आधीचा? परत काढते मी."

"डब्यात हात एकदाच घालायचा, ताई. नवीन माणसांना हा नियम तुम्हीच तर सांगता."

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. थोरली चकती मुठीत दाबून बाजूला झाली. तिच्या मागे तिची धाकटी जाऊ होती. तिने डब्यात हात घातला, बोलता बोलता, न बघताच एक चकती काढली.

"सव्वीस! वा, नशीबवान आहात," कारकून म्हणाला.

धाकटी हसली. थोरलीला ते हसू जखमेवर मीठ चोळल्यासारखं झोंबलं. खरं तर धाकटी प्रत्येकाशीच हसायची, कारकुनाशी, हमालाशी, कोंबड्यांशीसुद्धा. पण पोटात दुखायला लागलं की माणूस औषध शोधत नाही, कारण शोधतं, आणि थोरलीला आठ वर्षं रोज नवीन कारण सापडत होतं.

जनावरांच्या या लिलावात कोंबड्यांची शेड सकाळी आठला उघडे. त्या वेळी समोरच्या बाकांवर असत ते सगळे चिकनवाले. घरी कोंबड्या पाळणारी माणसं घरचं आवरून नऊ-साडेनऊनंतर येत. त्यामुळे पहिल्या दहा नंबरांत विकली गेलेली कोंबडी दुपारपर्यंत सुरीखाली जाई आणि विसाच्या पुढची कुणाच्या तरी परसात दाणे टिपत फिरे. दोन्हीकडे कोंबडी सारखीच असायची, नंबर तेवढा वेगळा.

थोरलीच्या पिंजऱ्यात आज चार तलंगा होत्या. तांबूस, पिवळ्याधमक पायांच्या, पहिलं अंडंही अजून न दिलेल्या. गेल्या महिन्यात तिची म्हातारी लाल कोंबडी गेली, तिची ही शेवटची पिल्लं. "दोन तरी ठेव घरी, वाण टिकेल," असं नवरा दोनदा म्हणाला होता. थोरलीने ऐकलं नाही. दोन ठेवल्या असत्या तर पिंजरा अर्धा दिसला असता, आणि तोही धाकटीच्या भरल्या पिंजऱ्याशेजारी.

धाकटीला कोंबड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा शिकवलं कुणी? थोरलीनेच. लग्न होऊन आली तेव्हा ही मुलगी दुपारभर मागच्या पायरीवर बसून रडायची, माहेरची आठवण काढायची. थोरलीला दया आली. खुडूक झालेल्या लाल कोंबडीखाली तिने तेरा अंडी ठेवली आणि निघालेल्या पिल्लांतली सहा टोपलीत घालून धाकटीला दिली. "घे, आता रडायला वेळ मिळणार नाही," म्हणाली. मग कोंड्यात शिंपल्यांचा चुरा किती घालायचा, अंड्यावर आलेल्या कोंबडीचा तुरा कसा लाल होतो, कमरेच्या हाडांत बोटं ठेवून ती किती दिवस अंडी देईल हे कसं ओळखायचं, सगळं शिकवलं. गुरूची विद्या गुरूलाच फळते म्हणतात. इथे शेडमधली माणसं आता दारातून आत येता येता विचारायला लागली होती, "धाकट्या बाई आल्यात का?" एवढंच कशाला, थोरलीचा नवरा एकदा ताटावर बसून धाकटीकडच्या अंड्यांचा बलक कसा पिवळाजर्द असतो ते सांगत होता. पुढचा आठवडाभर थोरलीने त्याला अंडं दिलं नाही.

धाकटीची बोली ऐकायला ती कधी थांबायचीही नाही. धाकटीचा नंबर आधी असला तर थोरली तेवढा वेळ बाहेर जायची, आणि स्वतःचा पिंजरा आधी विकला गेला की कधी तिचं डोकं दुखायचं, कधी नळाला पाणी यायची वेळ झालेली असायची.

दोघींनी पिंजरे भिंतीलगतच्या फळीवर ठेवले. थोरलीचा पिंजरा जड होता, लोखंडी पट्ट्यांचा. एक पट्टी तुटली होती, तिथे तिने निळ्या कापडाची चिंधी बांधली होती. घरून येताना नेहमीसारखी त्याची एक कडी धाकटीने धरली होती आणि दुसऱ्या हातात स्वतःचा हलका पिंजरा. चकत्या तारेच्या आकड्यांनी आपापल्या पिंजऱ्याच्या दाराला अडकवून झाल्या.

"ताई, काय सुरेख झाल्यात हो तुमच्या तलंगा," धाकटी वाकून बघत म्हणाली. "ह्या चिकनवाल्याकडे जायला नकोत."

"नशिबात असेल तिथे जातील. तुझं बरंय बाई, सव्वीस."

"असं काय म्हणता? मला मुद्दाम थोडाच मिळाला!"

"तेच तर. तुला सगळं आपसूक मिळतं."

एवढं बोलून थोरली नळावर हात धुवायला गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. माझं होतं ते मी देऊन बसले, हा विचार एकदा सुरू झाला की थांबत नसे. माझीच सहा पिल्लं. माझीच युक्ती. आणि माझ्या तलंगांनी मरायचं? हिच्या घरी अजून अठरा कोंबड्या आहेत. चार गेल्या तर हिचं काय बिघडतं?

ती परतली तेव्हा फळीपाशी कुणी नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, "जाऊबाई चहा आणायला गेल्यात, तुमच्यासाठी." म्हातारा आपल्या बदकांकडे वळला. हमाल दाराशी तंबाखू मळत होता. थोरली दोन पिंजऱ्यांच्या मध्ये उभी राहिली, पाठ शेडकडे आणि डोळे फाटकावर. धाकटी येत तर नाही ना, एवढंच ती बघत होती. हाताने एक आकडा निघाला, मग दुसरा. इकडची चकती तिकडे, तिकडची इकडे. बघायची गरज काय होती? तीन कुठे लावला होता आणि सव्वीस कुठे, हे तिला पाठ होतं.

मग ती बाकावर जाऊन बसली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

लिलाव पुकारणाऱ्या काकांनी लाकडी हातोडी टेबलावर आपटली. एक नंबरचे कोंबडे गेले. दोन नंबरच्या अंडी बंद झालेल्या कोंबड्या गेल्या. दोन्ही वेळा पहिल्या बाकावरच्या जाड्या चिकनवाल्याने नुसती भुवई उडवली होती.

"तीन!"

आपण बघतोय असं कुणाला दिसू नये म्हणून थोरलीने मान फाटकाकडे वळवली. टेबलावर पिंजरा ठेवल्याचा आवाज झाला, जड, लोखंडी.

"अरे! ताई, हा तर तुमचा," काका म्हणाले.

टेबलावर निळ्या चिंधीचा पिंजरा होता. चारही तलंगा माना उंच करून उजेडाकडे बघत होत्या.

चकती चुकलीय, असं म्हणायला थोरलीने तोंड उघडलं. पण चुकली कशी? तुम्हाला कसं माहीत? आणि दारावरची चकती तर खरंच तीन होती, डब्यातून तिच्याच हाताने निघालेली. सगळी शेड तिच्याकडे बघत होती.

"कुणाच्या घरची पैदास?" काकांनी विचारलं. हे प्रत्येकाला विचारायची रीतच होती. विकणाऱ्याने चारचौघांत घराचं नाव घ्यायचं आणि कारकुनाने लिहून घ्यायचं. लोक कोंबडीआधी घर बघत.

"माझ्या घरची," थोरली म्हणाली.

बोली तिघांनी लावली, तीही वजनाच्या हिशेबाने. जाड्याने भुवई उडवली. हातोडी पडली आणि त्याच वेळी दारातून ओरडा आला.

"थांबा! अहो थांबा! ताईंचा नंबर सव्वीस आहे!"

धाकटी दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन धावत येत होती. चहा तिच्या बोटांवर सांडत होता.

"चकतीवर तीन आहे, बाई," कारकून म्हणाला.

"असा कसा असेल? मी स्वतः बदलली. माझी ताईंच्या पिंजऱ्याला लावली आणि त्यांची माझ्या. लिलाव सुरू व्हायच्या आत बदललेलं चालतं ना? मी त्याआधीच बदललीय."

"चालतं. पण चकती सांगते ते खरं. आणि आता हातोडी पडली."

धाकटी चिकनवाल्याकडे गेली. "दादा, ह्या नका नेऊ. माझ्या चार घ्या. वजनाला जास्तच भरतील."

"ताई, मला कुठल्याही चार सारख्याच," तो अवघडून म्हणाला. "पण मालकीणबाई काय म्हणतात ते आधी बघा."

धाकटी थोरलीपाशी आली. डोळे पाण्याने भरले होते. "ताई, माझीच चूक हो. मी घाईत नीट अडकवली नसेल. तुम्हाला सांगून केलं असतं तर बरं झालं असतं, पण सांगितलं असतं तर तुम्ही घेतली नसती. लाल कोंबडीची शेवटची पिल्लं ती. माझ्या चार देते मी त्याला. माझ्या तरी कुणाच्या, तिच्याच नाती."

थोरली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. अंडी हिची मोठी, बलक हिचा पिवळा, लोक हिचे, आणि आता मनही हिचंच मोठं निघालं. शरमेने मान खाली जायला हवी होती, तशी ती गेलीही. पण त्या शरमेतसुद्धा पोटातली ती जुनी कळ उठलीच. एवढं एक तरी हिने माझ्यासाठी सोडायचं होतं.

होकार द्यायला काहीच लागत नव्हतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. धाकटीने आपल्या कोंबड्या दिल्या असत्या, वर चूकही आपल्याच पदरात घेतली असती. चिकनवाला वाट बघत होता.

"नको," थोरली म्हणाली. "तुझ्या राहू देत. तू नीटच अडकवली होतीस."

"मग?"

"मी परत बदलली. तू चहाला गेलीस तेव्हा. माझा तीन तुझ्या पिंजऱ्याला लावायला गेले."

धाकटीला कळायला थोडा वेळ लागला. तिने एकदा आपल्या पिंजऱ्याकडे वळून पाहिलं.

"माझ्या कोंबड्या त्याच्याकडे जाव्यात म्हणून?"

थोरलीने मान डोलावली. धाकटीने हातातले ग्लास बाकावर ठेवले, एक थोरलीच्या बाजूला. मग बोटांवरचा चहा पुसला आणि ती आपल्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. चिकनवाल्याने चारही तलंगा पायांना धरून आपल्या टोपलीत टाकल्या आणि रिकामा पिंजरा आणून थोरलीच्या पायाशी ठेवला. "चिंधी सुटलीय," म्हणाला.

हळूहळू बाक भरले. पाळणारी माणसं आली. थोरलीचं डोकं खरोखरच दुखत होतं, आणि नळाला पाणी येऊन गेलंही असेल. पण ती उठली नाही. चहावर साय धरली.

"सव्वीस!"

धाकटीच्या ठिपकेदार, कवड्या कोंबड्या टेबलावर आल्या तशी लोकांनी माना पुढे काढल्या.

"कुणाच्या घरची पैदास?"

धाकटी टेबलापाशी आली. "माझ्या घरची," ती म्हणाली.

काकांनी हातोडी खाली घेतली. "काय हो, आज घर बदललं? इतकी वर्षं तर दर वेळी 'थोरल्या ताईंच्या घरची' म्हणून सांगता. आमचा कारकून न विचारता तेच लिहितो."

कारकुनाने खरंच लिहून टाकलं होतं. तो पेन उचलून बघत राहिला.

"खोडा ते," धाकटी म्हणाली. "माझ्या घरची."

तिने मागे वळून पाहिलं नाही. बोली सुरू झाली, चार ठिकाणांहून एकदम, आणि चढत गेली. हातोडी पडली तेव्हा कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

लोक पांगल्यावर थोरलीने चिंधी पुन्हा घट्ट बांधली. धाकटी फाटकातून बाहेर पडून बरीच पुढे गेली होती. पिंजरा उचलताना सवयीने थोरलीने एकच कडी धरली आणि दुसरी कुणीतरी धरेल म्हणून थांबली. मग तिच्या लक्षात आलं की रिकामा पिंजरा एका हातानेही उचलता येतो.