वाळूच्या पोत्याला सव्वीस वेळा फाशी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खटका आहे. दिव्याचा नव्हे, तुरुंगातल्या फाशीच्या खोलीतला. मला ओढलं की माणसाच्या पायाखालची फळी उघडते. माझं शिक्षण एवढंच.

एका लोहाराने मला घडवलं आणि वर पितळी मूठ बसवली. तरुणपणी मला तीनदा ओढलं गेलं. त्याबद्दल मी बोलत नाही. पुढची सव्वीस वर्षं कुणी आलं नाही. तरी मिस्त्रीकाका दरवर्षी मला तेल देत, माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं दोराला बांधत आणि मला ओढून बघत. त्या पोत्याला सव्वीस वेळा फाशी झाली. त्याचा गुन्हा काय, ते मला कधीच कळलं नाही. त्याच्यात काही सुधारणाही दिसली नाही.

मग पलीकडच्या कोठडीत एक गवंडी आला. भांडणात त्याने शेजाऱ्याचा जीव घेतला होता. त्याचं वजन झालं आणि पोत्यात चार किलो वाळू वाढली.

फाशी राज्यघटनेत बसते का, असं त्याच्या वकीलबाईंनी वरच्या कोर्टात विचारलं. म्हणून एका सकाळी खुद्द न्यायमूर्ती खोली बघायला आले.

"या खटक्याच्या धाकामुळेच गुन्हे आटोक्यात आहेत," सरकारी वकील म्हणाले.

न्यायमूर्तींनी मला निरखलं. "मूठ गुलाबी का?"

जेलरसाहेब छताकडे बघू लागले. मिस्त्रीकाका म्हणाले, "पितळेची चोरीला गेली, साहेब. ही माझ्या लेकीच्या सायकलची."

"चोरीला? कुठून?"

"इथूनच की."

"मिस्त्री, गप्प बसायचं काय घ्याल?" जेलरसाहेब पुटपुटले.

सगळे हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "साहेब, एका मुठीने माझी बाजू सिद्ध होत नाही. मूठ चोरणाऱ्याला कुठे फाशी असते? मी आकडे आणलेत. इथे सव्वीस वर्षं फाशी नाही, तरी खून वाढले नाहीत. शेजारच्या प्रांतात फाशी चालू आहे, तिथे ते घटले नाहीत. माझ्या अशिलाने खून केलाय. त्याला सोडा असं मी म्हणत नाही, जन्मभर आत ठेवा. पण घटनेने दिलेला जगण्याचा हक्क नुसत्या अंदाजावर काढून घ्यायचा? उद्या चूक कळली, तर कोठडीचं दार उघडता येतं. या फळीचं काय करणार?"

मित्रांनो, आयता हाती आलेला विनोद परत करणारं माणूस मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. लोखंडाचा असूनही मी मनातल्या मनात वाकलो.

दोन महिन्यांनी निकाल लागला. फाशी घटनेत बसत नाही. गवंड्याला जन्मठेप झाली आणि पहिलंच काम मिळालं, या खोलीचं दार विटांनी बंद करायचं. तो ओळंबा लावून काम करत होता. भिंत कमरेपर्यंत आली आणि वाळू कमी पडली. मिस्त्रीकाकांनी पोत्याची गाठ सोडली.

"घे, यातली चार किलो तुझीच आहे."

गवंड्याने वाळू मुठीत धरली. बराच वेळ ती त्याने सोडली नाही. मग कालवली.

मिस्त्रीकाकांनी गुलाबी मूठ काढून खिशात घातली. "लेक रोज विचारते," मला म्हणाले.

मित्रांनो, माझे भाऊबंद तुम्हाला सांगतील की जुन्या वस्तूंची निगा राखा. त्यांचं ऐका. माझी मात्र मनापासून आबाळ करा. कधी रागाच्या भरात कुणी ही भिंत पाडायला निघालं, तर त्याला आधी वकीलबाईंचे आकडे वाचायला द्या. तोवर मला गंजू द्या. आत्ता कुठे जरा जमायला लागलंय.